छताला टांगलेलं डिपॉझिट

आमच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायचं ठरलं, त्या दिवसापर्यंत मी स्वतःला घरातला एक माणूस समजत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं, तर समोर चक्क घरमालक उभा. हनुवटी जरा वर, नजर जरा लांबवर. बायको मागून म्हणाली, "अहो, मानेला साबण राहिलाय." अशा वेळी घरमालकाने साबणाकडे लक्ष द्यायचं नसतं.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. समोरच्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काच बदलायची आणि 'आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?' असं विचारत राहायचं, हा माझा धंदा. दुसऱ्याला काय दिसत नाही ते मला लगेच कळतं. त्याखेरीज मला थक्क व्हायची सवय आहे. क्रेन, मोठी पूल-बांधणी, न अडखळता भाषण करणारी माणसं, यांच्यासमोर मी तासन्‌तास उभा राहू शकतो. बायको म्हणते, नळाला वेळेवर पाणी आलं तरी तुम्ही आ वासता.

त्यामुळे भाड्याच्या नव्या नियमांची पुस्तिका हातात पडली तेव्हा मी ती एका बैठकीत वाचून काढली आणि भारावून गेलो. खोली भाड्याने द्यायची तर आता मालकाने सरकारदरबारी नोंदणी करायची. नोंदणीचा क्रमांक मिळाल्याशिवाय भाडेकरूला आत घ्यायचं नाही. भाडेकरूचं डिपॉझिट मालकाने आपल्या कपाटात ठेवायचं नाही. ते सरकारच्या अनामत कक्षात भरायचं आणि पावती भाडेकरूच्या हातात द्यायची. जिन्याला कठडा हवा, खिडकी आतून उघडता आली पाहिजे, धूर झाला तर ओरडणारं यंत्र छताला हवं. आमच्या वरच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूने उघडावी याचा विचार मी जन्मात केला नव्हता. तो कुठल्या तरी कचेरीत, मला न ओळखणाऱ्या कुणी तरी, माझ्या वतीने करून ठेवला होता. मला गहिवरून आलं.

"मी अर्ज करतो," मी बायकोला म्हणालो.

"करा. पण घराचे कागद एकदा उघडून बघा."

"माझं घर मला माहीत नाही होय?"

निळी फाइल कपाटाच्या वरच्या खणातून काढून तिने माझ्यापुढे ठेवली, वर फडक्याने पुसून दिली. मी ती फाइल न उघडता तशीच कचेरीत नेली.

कचेरीतही मला धक्काच बसला. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, "नमस्कार, बसा." त्या कुणाशी बोलताहेत हे पाहायला मी मागे वळलो. मागे कुणी नव्हतं. त्यांनी फाइल घेतली, अर्ज घेतला, पोच दिली. मी विचारलं, "साधारण किती महिने?" बाई म्हणाल्या, "लवकरच तपासणीला येतील." मी जाणतेपणाने हसलो. सरकारी 'लवकरच' म्हणजे काय ते आम्हा नागरिकांना ठाऊक असतं.

आता आमच्या समोरच्या घरातल्या कायदेपंडितांची ओळख करून द्यायला हवी. ते वकील नाहीत. फार पूर्वी एका खटल्यात त्यांना साक्षीला बोलावलं होतं. दिवसभर बाकावर बसले, साक्ष काही झाली नाही, खटला बाहेरच मिटला. पण त्या बाकाचा गुण असा लागला की तेव्हापासून ते कायद्याखेरीज दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत. त्यांचा चष्मा मीच करून दिलाय.

"पाटी लावा," ते म्हणाले. "पितळी. भाडेकरूवर पहिल्याच दिवशी वचक बसला पाहिजे."

मी पितळी पाटी करून आणली. वरती माझं नाव, खाली ठसठशीत अक्षरांत 'घरमालक'. बायकोने ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, "छान झालीय," म्हणाली आणि मला हातोडी सापडत नव्हती ती शोधून दिली.

पाटी लागली आणि पाठोपाठ भाडेकरूही आला. म्हणजे आल्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, एकट्या, बोलणं कमी. पाटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ वर गेल्या, खिडकी उघडली, बंद केली, नळ सोडला, आणि छताकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"काय बघताय?" बायकोने विचारलं.

"डाग," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या खोलीत छताला डाग होता. वरती मालकांची मोरी होती, तिचंच पाणी झिरपायचं. खोली सोडायला निघाले तर म्हणतात, डाग तुमच्यामुळे पडला. सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं. मी छताला डाग कसा पाडणार हो?"

बायको म्हणाली, "इथे तसं होणार नाही."

"होणार नाही हे मलाही वाटतं. पण मी आता वाटण्यावर राहत नाही. पावती मिळाली की राहायला येईन." त्यांनी पर्समधून पाकीट काढलं आणि पाटीवरचं नाव माझं होतं म्हणून माझ्या हातात दिलं. "अनामत कक्षात भरा. पहिल्या तारखेला आत्ताची खोली सोडायचीय, तिथे दुसरं बिऱ्हाड येतंय. मला तोपर्यंतच मुदत आहे."

ते पाकीट दुसऱ्या दिवशी कक्षात गेलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण संध्याकाळी मी कायदेपंडितांकडे गेलो.

"अनामत म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "ठेवलेला पैसा. आणि ठेवलेला पैसा फिरवायचा असतो. बँका काय करतात? तपासणीला सहा महिने तरी कुणी फिरकत नाही. तोवर खोली सजवा, रुबाब येऊ दे, भरताना पगारातून भरा."

"आणि सिस्टर पहिल्या तारखेला येणार आहेत त्याचं काय?"

"येऊ देत. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात असं म्हणत राहायचं. मालकाने भाडेकरूला कधी नेमकी तारीख द्यायची नाही."

आणि मग बोलता बोलता ते म्हणाले, "छतात एक झुंबर हवं. जिथे झुंबर आहे तिथे कुणी मालकाशी वाद घालत नाही. असं झुंबर मला आमच्या दिवाणखान्यात कधीपासून लावायचंय."

झुंबरांच्या दुकानात गेलो तो माझा दोष नाही, तो माझा स्वभाव. दुकानदाराने बटण दाबलं आणि एकदम शंभर लोलक पेटले. आयुष्यभर मी काचेच्या संगतीत काढलं, पण काच इतकं काही करू शकते याची मला कल्पना नव्हती. मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो आणि दुकानदाराने पावती फाडली. सिस्टरांचं पाकीट बरोबर त्या किमतीचं होतं. हा मला तेव्हा शुभशकुन वाटला.

झुंबर लागलं. आमची वरची खोली लहान, छत बुटकं. झुंबर चालू केलं की खोलीत माणूस मावेल की नाही अशी शंका यायची. बायको दारात उभी राहून म्हणाली, "सुरेख आहे. कशाला आणलं?" मी म्हणालो, "गुंतवणूक." तिने एवढंच विचारलं, "कुणाची?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सरकारी काम उशिरा होतं, या एका विश्वासावर आपण मध्यमवर्गीय माणसं सगळं आयुष्य बेततो. तो विश्वासच जर सरकारने मोडला तर माणसाने जायचं कुठे? पुढच्याच आठवड्यात, मी दुकानातून जेवायला घरी आलो असताना, तपासनीस दारात हजर.

उंचच उंच माणूस, वयाने माझ्याएवढा, आणि डोळ्यांवर चष्मा नाही. त्यांनी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून वरच्या धूरयंत्राखालची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मी अवाक झालो. या वयात अशी नजर आमच्या दुकानात कधी आली नव्हती. "तुमच्या घरात कुणालाच चष्मा नाही का?" मी भक्तिभावाने विचारलं. ते म्हणाले, "कठडा हलतोय." हलत होता खरा, इतकी वर्षं मी त्याच्यावर हात ठेवून चढत होतो. मग ते खोलीत शिरले आणि त्यांचं डोकं झुंबरात गेलं.

लोलकांचा आवाज बराच वेळ चालला. तपासनिसांनी कपाळ चोळलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "हे काढा." ते अजिबात चिडलेले नव्हते. मग हातातले कागद चाळून त्यांनी विचारलं, "मालक कुठे आहेत?"

मी पाठ सरळ केली. "मीच."

"खाली पाटी तुमची आहे, पाहिली मी. पण कागदावर बाईंचं नाव आहे."

"कुठल्या बाईंचं?"

बायको ओले हात पदराला पुसत वर आलीच होती. तपासनिसांनी नाव वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "मीच ती."

मला खाली बसायला खुर्ची नव्हती, म्हणून मी उभा राहिलो. मग हळूहळू आठवलं. घर घेतलं तेव्हा बाईच्या नावाने घेतलं तर नोंदणीच्या सरकारी शुल्कात सूट मिळत होती. मीच ती सूट शोधून काढली होती. मीच मोठ्या हुशारीने तिचं नाव घातलं, सूट मिळाली म्हणून घरी येऊन दुप्पट साखरेचा चहा मागितला, आणि मग त्या सवलतीच्या बदल्यात आपण काय दिलं ते साफ विसरून गेलो.

"मग आपण कोण?" तपासनिसांनी मला विचारलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांच्या कागदावर खरोखरच तो रकाना रिकामा होता.

"घरचेच आहेत," बायको म्हणाली.

"बरं. भाडेकरूकडून डिपॉझिट घेतलंय?"

"घेतलंय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"कुठे आहे?"

माझे डोळे आपसूक वर गेले. माझ्या पाठोपाठ बायकोचे गेले, मग तपासनिसांचेही गेले. तिघंही झुंबराकडे पाहत उभे राहिलो. त्या नजरेपुढे लपवालपवी चालणार नव्हतीच.

तपासनीस म्हणाले, "मालकाने डिपॉझिट वापरलं असं मला लिहावं लागेल. मग नोंदणी मिळत नाही, आणि ज्यांना खोली भाड्याने द्यायला मनाई आहे त्यांच्या यादीत मालकाचं नाव जातं. मालक म्हणजे या बाई." ते थांबले. "भाडेकरू यायच्या आदल्या दिवसापर्यंत रक्कम कक्षात आली तर मात्र तसं लिहायचं कारण उरत नाही." कठड्याला दोन स्क्रू हवेत म्हणून त्यांनी सांगितलं, आणि या खेपेला नीट वाकून बाहेर पडले.

बायको रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या बायकोपुढे कसं वागायचं हे मला माहीत आहे. तिने फक्त विचारलं, "दुकानदार परत घेईल?"

दुकानदाराने परत घेतलं नाही. झुंबर मापाने कापलेल्या साखळीचं होतं, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं होतं. ती अक्षरं मी वाचली नव्हती, हे मी धंद्याच्या दृष्टीने कुणाला सांगत नाही.

"पगार झाला की भरू," मी म्हणालो. "तोवर सिस्टरांना काही तरी सांगू."

"पगार पहिल्या तारखेनंतर होतो. आणि काही तरी नाही सांगायचं. पैसे त्यांचे आहेत. कुठे आहेत ते त्यांना कळायला नको?"

"ठेव मोडू या मग."

"ती शेवटी. आधी पैसे जिथून गेले तिथून परत आले पाहिजेत. नाही तर तुम्ही पुढच्या महिन्यात कारंजं आणाल."

दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही सिस्टरांची पाळी संपायची वाट पाहत बसलो. आतून एक नुकतं जन्मलेलं बाळ जीव तोडून रडत होतं, आणि मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. मी एक प्रस्तावना तयार केली होती. तिच्यात कलात्मकता, जागेचं वाढतं मूल्य असे मुद्दे होते. बायकोने मला बोलूच दिलं नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमचं डिपॉझिट आमच्या ह्यांनी छताला टांगलंय. झुंबर आणलं त्याचं. चूक आमची आहे. पहिल्या तारखेच्या आत कक्षात भरते. घर माझ्या नावावर आहे, म्हणून शब्द मी देते."

ज्या बाईला एकदा छताने बुडवलंय तिचे पैसे मी पुन्हा छतालाच लावले होते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि मला माझी खरोखर लाज वाटली. इतका वेळ लाज वाटत होती ती फक्त माझ्या पाटीची.

"झुंबर?" त्या म्हणाल्या. "त्या एवढ्याशा खोलीत?" आणि त्या हसायला लागल्या. भिंतीला टेकून हसल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी हसले म्हणून पावती नको असं समजू नका हां ताई. माझं सामान बांधून झालंय. मला दुसरीकडे जायला जागा नाही."

"समजले," बायको म्हणाली.

घरी येताना तिने विचारलं म्हणून कायदेपंडितांचं सगळं बोलणं मी तिला शब्दशः सांगितलं; मला वाटलं ती आता ठेवीचे कागद काढणार. तिने शिडी काढायला सांगितली. मी झुंबर उतरवलं. "घ्या," ती म्हणाली, "आणि चला माझ्याबरोबर." मी झुंबर दोन्ही हातांत धरून तिच्या मागे रस्ता ओलांडला. पावलागणिक मी किणकिणत होतो. शेजारच्या खिडक्यांमध्ये माणसं गोळा झाली, आणि मी घरमालकाची हनुवटी वर ठेवायचा प्रयत्न केला. पण हातात झुंबर असताना ते जमत नाही.

कायदेपंडितांनी दार उघडलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांच्या मागे पाहिलं. "वहिनी, जरा बाहेर येता?"

वहिनी आल्या. बायको मला म्हणाली, "उंच धरा." मी धरलं. दिवाणखान्याच्या खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन लोलकांवर पडलं आणि समोरच्या भिंतीवर रंगीत ठिपके नाचायला लागले. वहिनी 'अगंबाई' म्हणून खालीच बसल्या.

"आमच्या खोलीला मोठं होतंय," बायको म्हणाली. "भाऊ म्हणाले होते, असं झुंबर त्यांना तुमच्यासाठी कधीपासून घ्यायचंय. म्हटलं दुसऱ्या कुणाला देण्याआधी तुम्हाला विचारावं. ज्या किमतीला घेतलं त्याच किमतीला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. आयुष्यभराची तक्रार फिटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

बायको त्यांच्याकडे वळून अगदी आदराने म्हणाली, "भाऊ, तुम्हीच ह्यांना सांगितलंत ना, ठेवलेला पैसा फिरवायचा असतो म्हणून? ह्यांनी फिरवला. फिरत फिरत तो तुमच्या दारात आला."

आयुष्यात मी बरीच आश्चर्यं पाहिली. त्या दिवाणखान्यात जे पाहिलं त्याला तोड नव्हती. आवाज चढला नाही, कुणाचा अपमान झाला नाही, चहासुद्धा मिळाला. वहिनींनी कपाटातून पैसे काढून दिले आणि कायदेपंडितांनी झुंबर माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतलं. ते किणकिणताना पाहून माझा जीव जरा हलका झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कचेरीत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी रक्कम घेतली, अनामत कक्षाची पावती छापली आणि ती बायकोच्या हातात न देता सरळ सिस्टरांच्या हातात दिली. सिस्टरांनी ती वाचली, घडी न घालता पुन्हा वाचली, आणि मग पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. इतकी बाळंतपणं केलेली ती बाई पर्सची चेन नीट लागलीय ना हे दोनदा ओढून पाहत होती. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, आणि तो नियम कुणी आणि कशासाठी केला असेल हे मला पुस्तिका वाचून कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. करारावर मालक म्हणून बायकोने सही केली, भाडेकरू म्हणून सिस्टरांनी. मग बाई मला म्हणाल्या, "तुम्ही इथे करा. साक्षीदार." मी अक्षर वळणदार काढून सही केली. कायदेपंडितांचं राहिलं होतं ते माझ्या हातून झालं.

पहिल्या तारखेला सिस्टरांचं सामान आलं. तपासनीसही आले, खोलीच्या चारी भिंतींचे आणि छताचे फोटो काढले. छतात झुंबराचं भोक होतं. "हे लिहून घ्या," सिस्टर म्हणाल्या, "हे माझ्याआधीचं आहे." तपासनिसांनी लिहून घेतलं. कठडा हलवून पाहिला, तो हलला नाही, आणि त्यांनी नोंदणी क्रमांकाची छोटी पट्टी खालच्या दाराला लावली. पट्टीवर बायकोचं नाव. तिच्या शेजारी माझी पितळी पाटी ऊन लागून नुसती चमकत होती.

सगळे गेल्यावर मी हातोडी घेऊन पाटी काढायला लागलो. बायको पायरीवर येऊन बसली. वरून सिस्टर खिडकी उघडताहेत, बंद करताहेत असा आवाज येत होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"घर तुझ्या नावावर आहे ते."

"न माहीत असायला काय झालं? सही मीच केली होती की."

मी खिळा ओढायचा थांबलो. आठवायला लागलो. 'माझ्या घरात हे चालणार नाही', 'हे माझं घर आहे', 'माझ्या घरात माझंच कुणी ऐकत नाही' असं मी किती वेळा म्हणालो असेन. भिंतीला कुठला रंग द्यायचा यावरून आठवडाभर अबोला धरला होता. आणि त्या प्रत्येक वेळी ही बाई आपल्याच घरात उभी राहून मुकाट्याने ऐकत होती. मला क्रेनबद्दल वाटतं, पुलाबद्दल वाटतं, ते सगळं एकत्र केलं तरी त्या क्षणी तिच्याबद्दल जे वाटलं ते त्याहून मोठं होतं.

"मग इतक्या वर्षांत एकदाही बोलली कशी नाहीस?"

तिने माझ्या हातातली पाटी घेतली, पदराने पुसली.

"बोलायचं काय त्यात?" ती म्हणाली. "तुम्ही नीट राहत होतात."